लहान मुलाची घरशाळा, ख्रिस्ती घर : हाती नेमकं काय लागतं?

रानजाई

घरशाळेच्या, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याच्या, अडचणींवर बोलणारे पुष्कळ भेटतात. परीक्षांचं काय, मित्रमैत्रिणींचं काय, मूल बुजरं राहणार नाही का, आईला वेड लागत नाही का. सगळे प्रश्न रास्त आहेत, मलाही पडतात. पण एवढा खटाटोप करून तुम्हाला मिळतं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. तेवढ्यासाठी हा धागा.

आमची थोरली सहा वर्षांची, धाकटा दोनचा. दिवसा मी शिकवते, संध्याकाळचं वाचन नवऱ्याकडे. आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणजे शास्त्रपाठ आणि प्रार्थना आलीच. पण घरशाळा म्हणजे दिवसभर वचनं पाठ करून घेणं, असा कुणाचा समज असेल तर तसं काही नाही. मुळाक्षरं, बेरीज-वजाबाकी, झाडं-किडे, चित्रं आणि भरपूर धुडगूस, यातच बहुतेक वेळ जातो.

सगळ्यात मोठी मिळकत मला ही वाटते की, प्रश्न पडतो तेव्हा आपण तिथे असतो. एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. लेक शेजारी लोळत होती. मध्येच म्हणाली, "देवाने काइनाला खूण का केली? त्याने तर भावाला मारलं होतं ना?" बायबलमधली काइन आणि हाबेल या भावांची गोष्ट वाचून बरेच दिवस झाले होते. मी तिलाच विचारलं, तुला काय वाटतं? थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "कारण त्यालापण भीती वाटत होती." मग बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, चौथा अध्याय काढला. खरंच तसं आहे. जो कोणी मला भेटेल तो मला जिवे मारील, असं काइन म्हणतो आणि त्यावर देव ती खूण करतो. शिक्षा तर आहेच, पण शिक्षा झालेल्याचं संरक्षणसुद्धा आहे. मी लहानपणापासून शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या वर्गात) ही गोष्ट ऐकत आले, पण माझं लक्ष नेहमी खून आणि शापावरच. खूण कशासाठी, याकडे कधी गेलंच नव्हतं.

असे प्रश्न वेळापत्रक बघून येत नाहीत. दात घासताना येतात, जिना उतरताना येतात. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना देवाच्या आज्ञा शिकवायच्या वेळा सांगितल्या आहेत : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. त्यात शिकवायचा असा वेगळा तास नाहीच.

दुसरी गोष्ट वाचनाची. तिला जोडाक्षरं लागायला लागली तेव्हा कौटुंबिक उपासनेत तिच्या वाट्याला ११७ वं स्तोत्र दिलं. सगळ्या स्तोत्रसंहितेत सगळ्यात छोटं, दोनच ओव्या. अडखळत, बोट ठेवून वाचलं आणि संपल्यावर म्हणाली, "आता मी सांगते, तुम्ही आमेन म्हणा." आजवर उपासना तिला ऐकायची असायची, त्या दिवसापासून ती तिचीही झाली. आपल्या मुलाला वाचायला आपणच शिकवलं, यातलं समाधान मी शब्दांत सांगू शकत नाही. ज्यांनी शिकवलंय त्यांना सांगायची गरजही नाही.

तिसरी गोष्ट गतीची. वाचनात ती पुढे आहे, लिहिण्यात मागे. पेन्सिल धरली की बोटं दुखतात, लगेच चिडते. वर्गात असती तर एकाच सरासरीत बसवली गेली असती. घरी वाचन पुढे पळतंय, लिखाण आपल्या गतीने येतंय, कुणाची घाई नाही.

एक आधीच सांगते. घरशाळा केली म्हणजे मूल विश्वासात टिकणारच, असं आम्ही धरून चाललेलो नाही. विश्वास वारसाहक्काने मिळत नाही. मला मिळकत म्हणायची आहे ती आजच्या दिवसाची, पुढच्या हमीची नाही.

तुमचे अनुभव लिहा. विरोधातलेही चालतील.

शाईचा_डाग

+१. काइनाचं आवडलं. आमचा पाच वर्षांचा आहे, याच विचारात आहोत. रोज नेमका किती वेळ बसवता?

रानजाई

सकाळी छोटे छोटे पाठ. एक पाठ पंधरा मिनिटांच्या वर जात नाही. ही कल्पना शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षिकेची. सहाच्या आत औपचारिक पाठ नकोत, त्यानंतर पाठ छोटे पण पूर्ण लक्ष देऊन, आणि बाकी वेळ शक्य तितका उघड्यावर, असा तिचा आग्रह. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोष्ट एकदाच वाचायची आणि मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. प्रश्नोत्तरं नाहीत, रिकाम्या जागा नाहीत. मूल काय वगळतं आणि कशावर रेंगाळतं यावरून त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. आमची बाई पेत्र पाण्यावरून चालतो तिथे हमखास रेंगाळते आणि तो बुडायला लागतो ते चटकन उरकते.

पाचच्या मुलाला मात्र बसवूच नका असं मी म्हणेन. मोठ्याने वाचून दाखवा, गाणी म्हणा, मातीत खेळू द्या.

खडूफळा

वाचतोय. मी आयुष्यभर प्राथमिक वर्गांना शिकवलं, आता निवृत्त आहे. चर्चमध्ये लहान मुलांचा वर्गही घेतो. त्यामुळे थोडं विरोधातलं बोलणार आहे, राग मानू नका.

रानजाई, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं असेल, पण त्यातलं घरशाळेचं किती? शाळेत जाणारं मूलसुद्धा घरी बसतं, वाटेने चालतं, निजतं आणि उठतं. अनुवादातली ती आज्ञा सगळ्या आईबापांना आहे, फक्त शाळेत न घालणाऱ्यांना नाही. ज्या घरात संध्याकाळी कुणी कुणाशी बोलत नाही तिथे शाळा बंद करून संवाद सुरू होणार नाही, आणि जिथे बोलतात तिथे शाळा आड येत नाही.

आणि ख्रिस्ती परंपरेचा दाखला द्यायचा तर जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरही लक्षात ठेवा. १५२४ मध्ये त्याने जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शाळा काढा म्हणून आग्रह धरला. त्यात त्याचा मुद्दा अगदी रोखठोक होता. बऱ्याच आईबापांना मुलांना शिकवायची इच्छा नसते, ज्यांना असते त्यांना येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना वेळ नसतो. १७८० मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने रविवारची शाळा चालवली ती कारखान्यांत राबणाऱ्या मुलांना वाचता यावं म्हणून. ज्यांना घरी शिकवणारं कुणी नव्हतं, त्यांच्यासाठी. आपल्या लोकांनी जगभर शाळा काढल्या त्या काही उगाच नाही.

रानजाई

गुरुजी, राग कसला! उलट हा मुद्दा यायलाच हवा होता.

तुमचं निम्मं पूर्ण मान्य. संध्याकाळी मुलांशी बोलणारे आईबाप शाळेतल्या मुलांनाही असतात, आणि माझ्या ओळखीतल्या कित्येकांचा विश्वास आमच्याहून खोल आहे. फरक मला एवढाच दिसतो की, संध्याकाळी घरी येतं ते दमलेलं मूल, आणि त्याला भेटतात ते दमलेले आईबाप. डोकं ताजं असतं तो वेळ दुसऱ्यांना जातो. घरशाळेत तो वेळ आपल्याला मिळतो. ज्याला तो नको असेल किंवा देता येणार नसेल, त्याने घ्यायलाच हवा असं नाही.

लूथरबद्दल अजून एक. त्याच माणसाने पाच वर्षांनी, १५२९ मध्ये, जो छोटा प्रश्नोत्तरग्रंथ काढला त्यात भागाभागाच्या डोक्यावर लिहिलंय की घरच्या कर्त्याने हे आपल्या माणसांना सोप्या रीतीने शिकवावं. म्हणजे शाळा काढा म्हणाला, पण घराला सुट्टी दिली नाही.

खडूफळा

बरोबर. हे मीच सांगायला हवं होतं. :)

जुनी_पेटी

सुझाना वेस्लीचं नाव अजून कसं आलं नाही? मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई. एकोणीस मुलं झाली, त्यातली दहाच मोठी झाली, आणि ती सगळी तिने घरी शिकवली. वेळापत्रक ऐकून घाम फुटेल : सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच. मूल पाच वर्षांचं झालं की पुढच्या एका दिवसात मुळाक्षरं, आणि लगेच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून वाचन. दोन मुलींना अक्षरांना दीड दिवस लागला, तर तेव्हा त्या तिला फार मंद वाटल्या होत्या, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय!

हे असलं करू नका, हे सांगायला मी आले नाही, ते उघडच आहे. मला सांगायचंय ते पुढचं. एवढ्या गर्दीत तिने प्रत्येक मुलाला आठवड्यातली एक संध्याकाळ नेमून दिली होती. त्या वेळी फक्त ते मूल आणि आई. जॉनचा वार गुरुवार. तो मोठा झाला, ऑक्सफर्डला शिकवायला लागला, तेव्हाही त्याने आईला पत्रात लिहिलं की त्या गुरुवारच्या वेळेतला थोडा वेळ मला अजून दे. दिवसाचे सहा तास त्याने मागितले नाहीत. :)

दोनतीन मुलं असलेल्या घरात घरशाळा म्हणजे सगळी एकत्र कोंडलेली. त्यात प्रत्येकाचा एकट्याचा वेळ राखला नाही तर आई दिवसभर घरात आणि तरी कुणाचीच नाही, असं होतं.

शाईचा_डाग

गुरुवारची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. पटली.

सव्वाशहाणा

मी बाप आहे, आमच्याकडे गणित माझ्याकडे. सगळे विश्वासाबद्दल लिहितायत तर मी थोडं मोजमापाबद्दल लिहितो. हा प्रतिसाद लांबणार आहे.

लहान मुलाला संख्या शिकवायच्या आणि घरात बायबल आहे, तर वेगळं पुस्तक आणायची फारशी गरज पडत नाही. नोहाचं तारू घ्या. लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०, आणि तीन मजले. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुलीला म्हटलं, चल, तुझ्या हाताने मोजू. मैदानात काठी टाकत गेलो. मग माझ्या हाताने मोजलं. तिचं तारू माझ्यापेक्षा चांगलं पन्नासेक मीटरने तोकडं निघालं. ती संतापली, "मग खरं कुठलं?" याला म्हणतात एकक का लागतं ते कळणं. मोठ्या माणसाचा हात साधारण ४५ सेंटिमीटर धरला तर तारू १३५ मीटरच्या आसपास जातं. ते चालून बघा एकदा. चित्रांच्या पुस्तकांत जिराफाची मान बाहेर आलेली टोपली असते, ती कल्पना कायमची निघून जाते.

येशू पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजारांना जेवू घालतो, त्या गोष्टीत मार्क आपल्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) एक बारीक तपशील देतो. लोक शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नासच्या पंक्तींनी बसले. पाच हजारांच्या पन्नास-पन्नासच्या पंक्ती किती? सहा वर्षांच्या मुलाला पाच हजार कळत नाही, पण पन्नास बटणांची एक रांग कळते. अशा शंभर रांगा म्हटल्यावर तोंडाचा आ होतो. शिष्यांना जेवढा धक्का बसला असेल त्याचा थोडा अंश तरी पोचतो.

माझा लाडका आकडा १५३. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात जाळ्यात सापडलेले मासे. १ पासून १७ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज १५३ येते. म्हणजे एक बटण, खाली दोन, खाली तीन, असा सतरा ओळींचा त्रिकोण मांडला की बरोबर १५३. हे ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने सोळाशे वर्षांपूर्वीच हेरलं होतं. शिवाय १, ५ आणि ३ यांचे घन करून मिळवा : १ + १२५ + २७, पुन्हा १५३. यात काही गूढ अर्थ आहे असं मी मुलीला सांगत नाही. मला स्वतःला एवढंच वाटतं की, इतक्या आनंदाच्या क्षणीसुद्धा कुणीतरी मासे मोजत बसलं होतं, तो माणूस कोळीच असणार. पण त्रिकोण पूर्ण झाला तेव्हा तिला झालेला आनंद मी कुठल्याही वर्गात बघितला नसता.

आणि मोठ्यांसाठी : लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, मग दहा नाण्यांतलं एक, मग दोन मुलांतला एक. शंभरावा भाग, दहावा भाग, अर्धा भाग. अपूर्णांक शिकवायला घेतले तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. तोवर हे तीन दाखले मी वेगवेगळे वाचत होतो. माझी मिळकत विचाराल तर ही. शिकवायला बसलो म्हणून मी वाचायला लागलो.

रानजाई

_/\_ लूक पंधराचं वाचून मी गप्पच झाले. रविवारी आमच्या पाळकांना सांगणार आहे.

दोन_काठ

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी स्वतः घरशाळेत वाढलेली, ख्रिस्ती घरात. आता तिशी ओलांडली आहे.

लहानपणीची वर्षं, म्हणजे साधारण आठ-नऊ वर्षांपर्यंतची, फार सुंदर होती. त्यातलं एकही वर्ष मी कुणाच्या शाळेशी बदलणार नाही. पण काय उरलं असं विचाराल तर पाठ केलेली वचनं नाहीत (ती बरीचशी विसरले). मला लवकर जाग यायची. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला असायचा आणि बाबा बायबल वाचत बसलेले असायचे. कुणाला दाखवायला नाही, सगळे झोपलेले असायचे. मी दारात उभी आहे हे कळलं की, ते शेजारची खुर्ची ओढायचे आणि पुढे मोठ्याने वाचायला लागायचे, जिथे होते तिथूनच. कित्येकदा ते 'गणना' या पुस्तकातल्या वंशांच्या यादीतलं काहीतरी असायचं. तरी मी बसायचे. शाळेत जाणाऱ्या मुलीलाही हे मिळालं असतं का? मिळालंही असतं, पण बस गाठायची असती तर मी तिथे बसले नसते.

आता कडू भाग. आमच्या घरी येणारे-जाणारे सगळे एकाच मताचे होते. कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा दुसऱ्या धर्माची आणि धर्म न मानणारी माणसं जवळून भेटली. ती चांगली निघाली, प्रेमळ निघाली, आणि त्यानेच मी हादरले. त्यांच्याबद्दल मला असं काही कधी सांगितलंच नव्हतं. विश्वास डळमळला तो त्यांच्या युक्तिवादांनी नाही. आपल्याला अर्धवट चित्र दाखवलं गेलं, या जाणिवेने. तो सावरायला बरीच वर्षं गेली.

तर घरशाळा जरूर करा. पण घराचं दार उघडं ठेवा. शेजारची मुलं, वेगळ्या घरांतली मुलं, खेळाचा क्लब, वाचनालय, जे असेल ते. चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे परक्या जमातीच्या माणसानेच जखमीला मदत केल्याची, गोष्ट शिकवायची आणि मुलाला एकही शोमरोनी भेटू द्यायचा नाही, हे कसं चालेल?

खडूफळा

दंडवत. शेवटचं वाक्य मी आमच्या शिक्षकांच्या बैठकीत वापरणार. तुमची परवानगी गृहीत धरतो.

तळ्यात_मळ्यात

मी ख्रिस्ती नाही, पण आमच्याकडेही घरशाळा आहे, म्हणून हा धागा वाचतोय. एक प्रश्न सरळ विचारतो, खोचक समजू नका. डायनोसॉर, पृथ्वीचं वय, माणूस कसा आला, हे तुमच्याकडे कसं शिकवता? बाहेरून बघताना आम्हाला वाटतं की, धार्मिक घरशाळा म्हणजे विज्ञान टाळायची सोय.

रानजाई

काही घरांत तसं होतं, नाकारत नाही. ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही. कुणी सहा दिवस म्हणजे अक्षरशः सहा दिवस मानतात, कुणी मोठे कालखंड मानतात, आणि उत्क्रांती ही देवाची पद्धत असं मानणारेही पुष्कळ आहेत. आम्ही तिसऱ्या गटातले. लेकीला डायनोसॉरची नावं माझ्याहून जास्त येतात आणि ते किती कोटी वर्षांपूर्वीचे हे ती पाहुण्यांना ऐकवते. उत्पत्तीचा पहिला अध्याय आम्ही वाचतो तो हे सगळं कुणाचं आणि चांगलं आहे की वाईट, यासाठी.

सव्वाशहाणा

आमच्या घरी मतं थोडी वेगळी आहेत, पण मुलीला दोन्ही बाजू सांगतो, आणि कुठली बाजू कुठल्या पुराव्यावर उभी आहे तेही. ऑगस्टीन पुन्हा आठवतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर लिहिताना त्याने बजावलं होतं : आकाश, तारे, प्राणी यांच्याबद्दल ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देत अडाणीपणाने बोलला, तर विश्वास न ठेवणारा ऐकणारा हसेल, आणि मग पुनरुत्थानाबद्दल आपलं म्हणणं तो कशाला ऐकेल?

तळ्यात_मळ्यात

रोचक. धन्यवाद. पूर्वग्रह थोडा कमी झाला, सगळा नाही. :)

जपमाळ

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे लहान मुलांसाठी एक पद्धत आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून लिहिते. १९५४ मध्ये रोममध्ये सोफिया कॅव्हालेत्ती या बायबल-अभ्यासक बाईंनी आणि जान्ना गोब्बी या मॉन्टेसरी शिक्षिकेने मिळून सुरू केली. 'उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण' म्हणतात. तीन वर्षांपासूनची मुलं. लाकडाचा छोटा मेंढपाळ, लाकडी मेंढरं, एक कुंपण. मोठं माणूस योहानातला तो भाग हळू वाचतं आणि मेंढरं हलवतं. त्यानंतर मूल स्वतः हवं तितक्या वेळा तेच करतं. अर्थ सांगायचा नाही, ही मेंढरं कोण असतील बरं, एवढंच विचारायचं. माझ्या मुलाने उत्तर द्यायला कितीतरी आठवडे घेतले. एक दिवस एक मेंढरू उचलून म्हणाला, "हा मी. आणि ही तू." मी काही शिकवलं नव्हतं.

घरी करायला सोपं आहे, मेंढरं पुठ्ठ्याचीही चालतात. तसंच उपासनावर्षाचे रंग : आगमनकाळ आणि उपवासकाळात जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानकाळात पांढरा, पेंटेकॉस्टला लाल, बाकी हिरवा. प्रार्थनेच्या टेबलावरचं कापड बदलायचं काम मुलाचं. तारीख-महिने कळायच्या आधी त्याला वर्ष कळायला लागलं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक, असं स्पष्ट म्हटलंय. ते शाळेत घालणाऱ्यांनाही लागू आहे हे मला मान्य, गुरुजींनी ओरडायच्या आत सांगून टाकते.

थकलेली_पणती

सगळं छान आहे. पण मी एक विचारते. या धाग्यात मिळकतीची यादी झाली. ही मिळकत येते ती कुणाच्या खात्यातून?

मी घरशाळा केली आणि सोडली. नोकरी माझी गेली, झोप माझी गेली. घरी आलेल्या पाहुण्यांना "आम्ही घरशाळा करतो" असं नवरा सांगायचा. आम्ही! चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, किती धन्य आहेस. नीतिसूत्रांतल्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री मला इतक्या वेळा ऐकवली गेली की, तो अध्याय मी अजून वाचत नाही. आता मुलगा शाळेत जातो, आनंदात आहे. मीही आहे. संध्याकाळी त्याच्याशी बोलायला माझ्यात जीव उरतो. आधी नव्हता.

जुनी_पेटी

तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. शाळेत घालणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, असं जो म्हणेल त्याला माझ्याकडे पाठवा.

आणि ती सद्गुणी स्त्री शेत विकत घेते, व्यापार करते, हाताखाली माणसं आहेत. तिच्या नावाने एका बाईला घरात एकटीला जुंपायचं म्हणजे कमालच आहे.

सव्वाशहाणा

बापांना उद्देशून एक. बायबलमधल्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवा म्हणतो तेव्हा तो 'बापांनो' अशी हाक मारतो, आणि त्याच्याही आधी, मुलांना चिरडीला आणू नका म्हणतो. घरशाळा करायची ठरली तर नवऱ्याने आधी एक विषय पूर्णपणे स्वतःकडे घ्यावा. मदत म्हणून नाही, जबाबदारी म्हणून. तयारी त्याची, शिकवणं त्याचं, रखडलं तर उत्तरही त्याचं. आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस बायकोला घराबाहेर मोकळा. हे जमणार नसेल तर घरशाळेचा विषय काढू नये, असं माझं मत.

रानजाई

अनुमोदन. हा भाग मूळ धाग्यात यायला हवा होता. पणतीताई, तुमचा प्रतिसाद इथे राहू दे, नव्याने विचार करणाऱ्यांनी तो वाचलाच पाहिजे.

खडूफळा

एक कोरडा मुद्दा, पण कुणी काढला नाही म्हणून. आधी आपण राहतो तिथला कायदा बघा. देशोदेशी फार फरक आहे. इंग्लंडमध्ये मुलाला शाळेत किंवा अन्य प्रकारे योग्य शिक्षण मिळावं अशी कायद्याची अट आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे. फ्रान्समध्ये २०२२ पासून आधी परवानगी घ्यावी लागते. जर्मनीत तर शाळेत जाणंच सक्तीचं आहे, धार्मिक कारण सांगूनही सूट मिळत नाही. विश्वासाच्या नावाखाली नोंदणी टाळणारे आईबाप मी पाहिले आहेत. पुढे शाळेत घालायची वेळ आली की, कागद नाहीत म्हणून त्रास मुलाला होतो. काय शिकवलं याची साधी वही ठेवा, तारखांसकट. आणि मुलाला घराबाहेरचं एखादं विश्वासू मोठं माणूस नियमित भेटेल असं बघा. प्रत्येक घर सुखाचं नसतं, आणि शाळेत निदान कुणीतरी मुलाकडे बघत असतं.

दोन_काठ

शेवटच्या दोन वाक्यांना +१००.

शाईचा_डाग

सगळा धागा दोघांनी बसून वाचला. सुरुवात करायची ठरतंय, एक वर्ष करून बघू आणि मग पुन्हा विचार करू. गणित आणि गोष्टी माझ्याकडे. (बायकोने हा प्रतिसाद वाचून बघितलाय.)

एक अडचण. तो गोष्ट परत सांगतच नाही. ऐकतो मन लावून, पण आता तू सांग म्हटलं की मान खाली. काय करावं?

रानजाई

पाच वर्षांच्या मुलाकडून मागूच नका. सहापर्यंत ते आपोआप येईल तेवढंच. तोवर चित्र काढू द्या, किंवा ठोकळे, बाहुल्या देऊन गोष्ट खेळू द्या. बोलणार नाही, पण बाहुल्या बोलतील. आमच्या लेकीने वादळ शांत केल्याची गोष्ट तोंडाने कधी सांगितली नाही, बादलीत कागदाची होडी घेऊन ती कितीदा तरी केली, आणि दर वेळी मी भिजले.

जपमाळ

आणि तुम्ही स्वतः चुकीची सांगून बघा. "मग जक्कय बाकाखाली लपला..." लगेच ओरडेल, "नाही, झाडावर चढला!"

शाईचा_डाग

हाहा, हे आज रात्रीच करतो. गोष्टी कुठून सुरू करू? उत्पत्तीपासून?

सव्वाशहाणा

मार्कापासून करा. प्रसंग आटोपशीर आहेत, एकामागून एक घडत राहतात, आणि सोळाच अध्याय. उत्पत्तीत मधले काही भाग पाच वर्षांच्या मुलापुढे वाचण्यासारखे नाहीत, ते आधी स्वतः चाळून घ्या.